सोवळ्याचं दूध, काल्याचं दूध

आषाढी एकादशीला पंढरपुरात आलेला माणूस बहुतेक वेळा बारस सोडून परतीची एसटी धरतो. आम्ही माळकरी पौर्णिमेपर्यंत थांबतो, कारण त्या दिवशी गोपाळपुरात काला असतो. पालख्या तिथं येतात, काल्याचं कीर्तन होतं, हातावर दहीलाह्या पडतात आणि मगच वारी पोचली असं आम्ही मानतो. काल्याची गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक आहे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळं एकत्र कालवलं आणि देवानं त्यातलं खाल्लं. कुणाची भाकरी शिळी होती, कुणाचं दही आंबट होतं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

माझं आयुष्य मात्र तसली नोंद ठेवण्यात गेलं. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण अंगाला, कर्नाटकच्या हद्दीकडं सरकत गेलेल्या कोरडवाहू पट्ट्यात आमचं गाव आहे. गावच्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव होतो. आता निवृत्त आहे, पण गाव अजून ‘सचिव’ म्हणूनच हाक मारतं. कुणी किती लिटर घातलं, फॅट किती लागली, लॅक्टोमीटरवर डिग्री किती आली हे सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवायचं, आणि वहीतला आकडा वाळायच्या आत ते दूध बाकीच्यांच्या दुधात ओतायचं. वहीत प्रत्येकजण वेगळा आणि कॅनमध्ये सगळे एक. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं मला कधी वाटलं नव्हतं. यंदाच्या सभेत तिघाचौघा तरुण सभासदांनी एक अर्ज दिला आणि तेव्हापासून ते कोडं डोक्यातून जात नाही.

अर्ज साधा होता. त्यांना सेंद्रिय दूध करायचं आहे. युरिया बंद, तणनाशक बंद, गुरं माळावर चारायची, गोठ्यात बांधून पेंड कोंबायची नाही. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढची मागणी अशी की आमचं दूध संस्थेच्या कॅनमध्ये मिसळू नका. वेगळा कॅन, वेगळा कूलर द्या, पुण्याला बाटलीतून दुप्पट भावानं जाईल. सभेत हा हिशेबाचा विषय झाला, कूलरला किती लागतील, वीजबिल कोण भरणार. माझ्या मनात तो धर्माचा विषय होऊन बसला. शुद्ध वस्तू वेगळी ठेवल्यानं शुद्ध राहते, की वाटून घेतल्यानं? आमच्या पंढरीत या प्रश्नाची दोन्ही उत्तरं शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदलेली आहेत.

सोवळं मला परकं नाही. आमच्या आजीचं दूधदुभत्याचं सोवळं घरातल्या देवापेक्षा कडक होतं. शिंक्यावरच्या दह्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ताक घुसळताना दारात परकं माणूस आलं तर रवी थांबायची. त्यात स्वच्छता होती, हे मी नाकारत नाही. तिचं दही कधी नासलं नाही. पण त्याच सोवळ्यानं, आमच्याच मंगळवेढ्याचे चोखोबा जन्मभर देवळाबाहेर ठेवले. वेशीचं बांधकाम अंगावर कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी महाद्वाराशी झाली, म्हणजे मेल्यावरही पायरीपर्यंतच. त्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून १ मे ते १० मे १९४७ असे दहा दिवस साने गुरुजी पंढरपुरात उपाशी राहिले, तेव्हा ते उघडलं. एवढं पाहिलेल्या मुलखात ‘आमचं वेगळं ठेवा’ हे वाक्य कुणी उच्चारलं की माझे कान टवकारतात. पोरांच्या मनात जात नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तरी सवय जुनी आहे, तिला नुसतं नवं कारण पुरतं.

आता कॅनचीही बाजू सांगतो, कारण तिचंही लोक उगाच कौतुक करतात. डेअरीच्या रांगेनं जात मोडली असं भाषणात म्हणतात. आमच्याकडं संस्था निघाली तेव्हा मांगवाड्यातलं दूध आपल्या दुधात पडणार म्हणून म्हातारी माणसं कुरकुरली होती. टँकर वेळेवर यायचा आणि दहा दिवसांनी पैसे मिळायचे, म्हणून कुरकुर थांबली. दूध एकत्र झालं, पाणवठा एक व्हायला पुढं पुष्कळ वर्षं गेली. तेव्हा कॅनला संत करायला मी तयार नाही. पण ती कुरकुर परत सुरू झाली नाही, हेही खरं. सोलापूर जिल्हा संघाच्या पिशवीवर ‘दूध पंढरी’ असं छापलेलं असतं. त्या पिशवीतलं दूध कुणाच्या आळीतलं, हे अकलूजच्या की मोहोळच्या कुणा बाईला चहा करताना विचारावंसं वाटत नाही. एवढं काम कॅननं केलं.

त्या कॅनच्या तोंडाशी मी काय करायचो तेही सांगायला हवं, नाहीतर काला म्हणजे डोळे मिटून ओतणं असा समज होईल. मिल्कोटेस्टर यायच्या आधी फॅट मोजायला आमच्याकडं गर्बरची पद्धत होती. काचेच्या जाड नळीत दहा मिली सल्फ्युरिक आम्ल घ्यायचं. त्यावर पावणेअकरा मिली दूध कडेकडेनं सोडायचं, एकदम सोडलं तर जळून काळं पडायचं. मग एक मिली अमाइल अल्कोहोल, वर रबरी बूच, आणि फडक्यात गुंडाळून नळी हलवायची. फडकं नसेल तर हात भाजे, इतकी ती तापायची. मग सेंट्रिफ्यूज फिरवायचा, पासष्ट अंशांच्या पाण्यात नळ्या उभ्या करायच्या आणि मानेपाशी जमलेला पिवळा थर डोळ्यासमोर धरून वाचायचा. रेषेवर साडेतीन की तीन-चार, यावर माणसाचा पंधरवडा ठरायचा, कारण गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला (फॅट सोडून उरलेल्या घन भागाला) धरलेला असतो, त्याखाली आकडा गेला की कट लागतो. थर वाचताना समोरच्या बाईचा श्वास थांबलेला मला कळायचा. तिच्या पोराची फी त्या थरात असायची.

तर आमच्या काल्यात वही आहे, नळी आहे, कट आहे. गोपाळांना त्याची गरज नव्हती, कारण त्यांच्यात कुणी दह्यात पाणी घालून आणत नव्हतं. आमच्यात आणतात. पाणी मला डिग्रीवर कळायचं. न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. गाईला दगडी झाली, सड सुजला, डॉक्टरनं सडात प्रतिजैविकाची नळी सोडली. इतके दिवस दूध विकू नका असं त्या औषधावर छापलेलं असतं. पण ते दिवस कोण पाळतो? दोन गाईंवर घर चालवणारा माणूस चार दिवसांचं दूध मोरीत ओतेल, अशी अपेक्षा करणाऱ्यानं आधी स्वतःचा चार दिवसांचा पगार ओतून दाखवावा. ते दूध कॅनमध्ये येतं. फॅट बरोबर लागते, एसएनएफ बरोबर येतो, वही स्वच्छ राहते आणि एकाचं लपवणं चाळीस घरांच्या दुधात उतरतं. काल्याचा हा दोष कीर्तनात कुणी सांगत नाही. वाटून घेताना पुण्यच वाटलं जातं असं नाही. तरुण मंडळी वेगळा कॅन मागतात त्यामागं ही चीड आहे, आणि ती रास्त आहे.

सेंद्रियचे नियम मी मुद्दाम मागवून वाचले. वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं की आपण प्रायश्चित्तप्रकरण वाचतोय. आपल्याकडच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमात, २००१ पासून चाललेल्या, आजारी जनावराला औषध द्यायला बंदी नाही. मात्र औषधावर लिहिलेल्या काळाच्या दुप्पट काळ त्याचं दूध सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. दुप्पट दिवस बाजूला बसायचं आणि मग परत पंगतीत. अमेरिकेचा नियम याहून करडा. तिथं गाईला एकदा प्रतिजैविक दिलं की ती कायमची सेंद्रिय कळपाबाहेर, परत घेणं नाही. त्याच नियमात असंही बजावलं आहे की शिक्का टिकवण्यासाठी आजारी गाईचं औषध अडवायचं नाही, गाय बरी करा आणि मग तिला बाहेर काढा. म्हणजे एकीकडं प्रायश्चित्त, दुसरीकडं बहिष्कार. धर्मशास्त्र सोडून आलो असं ज्यांना वाटतं त्यांनी दुधाच्या बाटलीवरच्या शिक्क्याची नियमावली वाचावी. मला विचाराल तर मी प्रायश्चित्ताच्या बाजूचा. २०२२ ला लम्पी आली तेव्हा आमच्या आळीत गाठी न उठलेलं जनावर शोधावं लागत होतं. त्या वेळी औषध घेतलेली प्रत्येक गाय जन्माची बाद म्हटली असती तर गावात सेंद्रिय म्हणून फक्त शेळ्या उरल्या असत्या.

आता चराईकडं येतो. सगळी गाठ तिथंच आहे.

सेंद्रिय गाय चरली पाहिजे. अमेरिकेत २०१० पासून नियमच आहे की वर्षातले किमान १२० दिवस ती कुरणात हवी आणि त्या दिवसांत पाणी वजा करता तिच्या आहाराचा किमान तीस टक्के भाग चरण्यातून आला पाहिजे. आमच्याकडं माळ हिरवा असतो तो पाऊस पडल्यापासून फार तर दिवाळीपर्यंत, आणि पाऊस म्हणजे वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही आला तर. मारवेल, पवन्या ही गुरांना आवडणारी गवतं. दर वर्षी ती मुळापर्यंत खाल्ली गेली की त्यांच्या जागी कुसळ माजतं, आणि कुसळ गुरांच्या तोंडात रुततं. दिवाळीनंतर मालदांडी ज्वारीचा कडबा. कडबा आमचा सोन्यासारखा, पण त्यावर एचएफ म्हणजे होल्स्टीन गाय वीस लिटर देत नाही. ती ऊन लागलं की पत्र्याखाली जीभ बाहेर काढून उभी राहते. तिला मका पाहिजे, उजनीच्या कालव्याकडून आलेलं उसाचं वाढं पाहिजे, पेंड पाहिजे. आणि त्या वाढ्यावर काय काय फवारलंय ते ऊसवाल्याला आणि देवाला ठाऊक. माळावर दिवसभर हिंडून घरी येणारी गाय म्हणजे खिलार. तिचं दूध वासराला पाजून तांब्याभर. ती देखणी आहे, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात तिच्या खोंडाभोवती घोळका जमतो, पण तिच्या तांब्यावर टँकर भरत नाही.

आणि पंढरपुरी म्हैस. तलवारीसारखी लांब शिंगं, खांद्यामागं गेलेली. निवांत, कुठंही उभी करून पिळा. कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर पिळतात तसं. पंढरीचं नाव लावून फिरते बिचारी, पण तिला राज्यमाता कुणी म्हटलं नाही. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटलं, गोशाळांना दिवसाला गाईमागं पन्नास रुपये जाहीर केले. चांगलं आहे. पण ज्ञानोबांनी वेद बोलवला तो रेड्याकडून, आणि आळ्याला समाधी आहे तीही रेड्याची. आमच्या परंपरेनं पावित्र्य कुठं शोधलं, हे सरकारपेक्षा वारकऱ्यांनी जास्त लक्षात ठेवायला हवं. पावित्र्याचं बोलताना आणखी एक: एचएफला गोऱ्हा झाला की त्याचं काय होतं हे कोणत्याच शिक्क्यावर छापत नाहीत. ओढकामाला तो नको, २०१५ च्या कायद्यानं कसायाला देता येत नाही, पोसायला परवडत नाही. मग चौथ्या दिवशी दूध तोडतात आणि रात्री कुठंतरी सोडून येतात. आमच्या आईचा नियम होता, एक सड वासराचा, त्याला हात लावायचा नाही. सेंद्रियवाल्या मंडळींनी हा नियम अर्जात घातला असता तर मी पहिल्यांदा सही केली असती.

पण मी चराईबद्दल बोलत होतो. गावच्या गायरानावर कुंपण नाही. तिथं माझी म्हैस चरते, पाटलाची गाय चरते, धनगराच्या मेंढ्या चरतात. हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेला दिवाळीत जाणारे आमचे धनगर त्या माळाला देवाचा माळ मानतात, आणि रा. चिं. ढेरे यांनी तर विठ्ठलाचंच मूळ गवळी-धनगरांच्या देवात दाखवलं आहे. त्या माळावर कडेच्या शेतातलं तणनाशक पावसाच्या पाण्याबरोबर उतरतं. मग तिथं चार जणांची गुरं सेंद्रिय आणि चाळीस जणांची साधी, हे कसं व्हायचं? वेगळा कॅन ठेवता येतो, वेगळं गवत कसं ठेवणार? चरायचं म्हटलं की सोवळं मोडतं. एकतर सगळा माळ स्वच्छ, नाहीतर कुणाचाच नाही. ज्यांना खरंच चरणारी गाय हवी आहे त्यांना अख्ख्या गावाला बरोबर घ्यावं लागतं. तसं नको असेल तर माळ सोडून चार गुंठ्यांत तारेचं कुंपण घालावं आणि हत्तीघास लावावा. मग त्याला चराई म्हणू नये.

हे बोललो तेव्हा एकजण म्हणाला, सचिव, परदेशात तर सेंद्रियवाल्यांचेच संघ आहेत. आहेत. १९८८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संघ काढला, आधी भाजीपाला आणि लगेच दूध, तोच आज ऑरगॅनिक व्हॅली म्हणून चालतो आणि मालकी अजून शेतकऱ्यांची. पण त्यांनी काय केलं पाहा: आधी नियम सगळ्यांनी घेतला आणि मग दूध एका टँकरमध्ये ओतलं. सोवळं सगळ्यांना सारखं झालं की त्याचा काला करता येतो. आपल्याकडं पीजीएस नावाची पद्धत आहे, तीही याच्या जवळची. निदान पाच शेतकऱ्यांचा गट, आणि एकानं दुसऱ्याच्या शेताची, गोठ्याची पाहणी करून साक्ष द्यायची. दिंडीत आम्ही एकमेकांच्या पाया पडतो, थोरला धाकट्याच्याही. मला ती साक्ष त्यातली वाटते. बाहेरून गाडीतून आलेला साहेब शिक्का मारून जातो त्यापेक्षा शेजाऱ्याचा डोळा जास्त जागा असतो, आणि जास्त अवघडही, कारण त्याच्याशी उद्या बांधावर बोलायचं असतं.

गवताची राखण, तळ्याची खोदाई ही कामं परमार्थ आहेत की नुसती गावकी, हा वाद सोलापूरनं फार पूर्वी ऐकला आहे. सिद्धरामेश्वर लहानपणी गुरं राखत. मल्लय्या जंगमाच्या रूपात आला, त्यानं हुरडा मागितला, मग दहीभात मागितला, आणि हा आणायला गेला तोवर तो गुप्त झाला अशी कथा आहे. पुढं याच सिद्धरामानं शरणांना घेऊन तळं खोदलं, त्याच्या काठी आज जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. तिथं अल्लमप्रभू आले आणि त्यांनी याला वडारी म्हणून डिवचलं. माती उकरून काय मिळणार, आत खोद, असा त्यांचा रोख. सिद्धराम पुढं त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले, दीक्षा घेतली, तेव्हा वादात अल्लम जिंकले असं म्हणावं लागेल. मी स्वतः मात्र सोलापूरला गेलो की तळ्याकडं बघतो आणि मनात म्हणतो, पाणी तर अजून आहे. आतलं खोदणं ज्यानं त्यानं करावं. पण गुरांना प्यायला आतलं पाणी चालत नाही.

गायरानावर आता आणखी एक डोळा आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी आणि गायरान जमिनीवर सौर पॅनेल बसवायचं चाललं आहे. दिवसा वीज मिळेल म्हणून मोटारवाले खुश आहेत. त्यांना मी दोष देत नाही, रात्री दोनला पाणी धरायला मीही गेलो आहे. पण पॅनेलखाली मारवेल उगवेल आणि म्हशी आत सोडू देतील, असं अजून कुणी लिहून दिलेलं नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या ठेवा असं बजावलं आणि त्याच वर्षी आपल्या सरकारनंही तसा आदेश काढला. आदेश तलाठ्याच्या कपाटात असेलच.

सभेत मी मांडलं ते असं. वेगळा कॅन देऊ नये. संस्थेच्या सगळ्या सभासदांनी आधी दोनच गोष्टी पाळायच्या: औषध दिलेल्या जनावराचं दूध सांगून बाजूला ठेवायचं, आणि त्या दिवसांचे पैसे संस्थेनं दिवाळीच्या रिबेटमधून त्याला द्यायचे, म्हणजे लपवायचं कारण उरणार नाही. दुसरं, गायरानाचा तिसरा हिस्सा आळीपाळीनं पावसाळाभर बंद ठेवायचा, धनगरांशी बोलून, त्यांच्यावर लादून नव्हे. हे दोन वर्षं जमलं तर पीजीएसचा गट अख्ख्या संस्थेचा करू.

अर्ज देणाऱ्यांतला एक पोरगा, कृषी पदविका झालेला, उभा राहिला. म्हणाला, ‘‘सचिव, तुमच्या काल्यात दही आम्ही आणायचं आणि बाकीच्यांनी पाणी, हे किती दिवस? पुण्याचा माणूस आज तयार आहे. दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावाला जाईल.’’ त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या वडलांच्या डोक्यावर गाईंचं कर्ज आहे आणि पशुखाद्याचं पोतं दर सहामाहीला महाग होतं. मी म्हटलं, बाबा, स्वच्छ दुधाला संस्थेनं लिटरमागं जादा द्यावं, त्याची नोंद वहीत वेगळी करू, कॅनमध्ये नको. तो म्हणाला, जादा किती? आकडा माझ्याकडं नव्हता.

पुढची सभा संक्रांतीनंतर आहे. रिबेटमधून किती निघू शकतात ते नव्या सचिवाला काढायला सांगितलंय. गायरान बंद ठेवण्याच्या ठरावाला किती हात वर होतील ते मी घरोघरी जाऊन बघितलं. धनगरवाडा तयार आहे, अट एकच, बंद हिस्सा कोणता ते त्यांनी ठरवायचं. अडून बसलेत ते आमच्याच आळीतले, ज्यांची गुरं गायरानावर कधी जातही नाहीत.